लागेल तेव्हा, लागेल तेवढं दूध

घरी काढलेलं बदामाचं दूध रात्री बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं, तर सकाळी त्याचे दोन थर झालेले दिसतात. वर दाट पांढरा थर आणि खाली तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, दूध नासलं. पण झाकण उघडून वास घेतला तर तो बदामाचाच येतो, आंबूस नसतो. आणि बाटली चार वेळा हलवली की दूध पुन्हा एकजीव होतं. दुकानातल्या खोक्यातलं बदामाचं पेय मात्र महिनोन्‌महिने एकसारखं राहतं.

हा फरक कशामुळे पडतो ते एकदा कळलं, की घरच्या दुधाचे बाकीचे नखरेही उलगडतात. बदामाचं दूध कॉफीत का फाटतं, नारळाच्या रसाला उकळी येऊ द्यायची नाही असं कोकणातल्या बायका का बजावतात, या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाण्यात तरंगणारे तेलाचे थेंब.

दाण्याच्या आत

१०० ग्रॅम बदामात साधारण ५० ग्रॅम तेल असतं. शेंगदाण्यात ते जवळपास तेवढंच, काजूत ४४ ग्रॅमच्या आसपास. ओल्या खोबऱ्याचा निम्मा भाग पाणी असतो, तरी १०० ग्रॅमला ३३ ग्रॅम तेल निघतं. झाडाने ही शिदोरी कोंबासाठी बांधून दिलेली असते; बी रुजून स्वतःची पानं फुटेपर्यंत त्याला यावरच जगायचं असतं.

हे तेल दाण्यात एका जागी साठलेलं नसतं. प्रत्येक पेशीत त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब असतात, एकेक साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. बदाम किंवा शेंगदाण्यात अशा प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिडं आणि ओलिओसिन नावाचं प्रथिन यांचं पातळ वेष्टण असतं. त्यामुळे शेजारी शेजारी असूनही थेंब एकमेकांत मिसळून जात नाहीत.

दाणे पाण्यात वाटले की पेशींच्या भिंती फुटतात आणि हे थेंब, सोबत थोडी प्रथिनं, साखर आणि क्षार पाण्यात उतरतात. एवढ्या बारीक थेंबांवर आदळून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून पाणी पांढरं दिसतं. गायी-म्हशीच्या दुधाचा पांढरेपणाही असाच, स्निग्धांशाच्या आणि प्रथिनांच्या सूक्ष्म कणांमुळे येतो. दिसण्यातलं साम्य खरं आहे, ते एवढ्यासाठी.

तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे दूध स्थिर ठेवलं की थेंब हळूहळू वर जमतात. कारखान्यात हेच दूध प्रचंड दाबाखाली बारीक छिद्रांतून ढकलून थेंब आणखी लहान करतात, लेसिथिन घालतात, गेलन गमसारखा डिंक मिसळून ते किंचित घट्ट करतात आणि अतिउच्च तापमानाला काही सेकंद तापवून हवाबंद भरतात. घरी यातलं काही होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. बाटली हलवली की झालं.

आधी कोठार, मग दूध

बदामाचं दूध ही आजच्या आरोग्यवेड्या पिढीची टूम आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मध्ययुगीन युरोपातल्या श्रीमंत घरांत त्याशिवाय पान हलत नसे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांच्या पाककृतींचा 'द फॉर्म ऑफ क्युरी' हा संग्रह साधारण १३९० सालचा. त्यात बदामाचं दूध जागोजागी भेटतं. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य असत. मग दाट रश्शाला आणि गोड पदार्थाला आधार उरे तो बदामाचा.

पण धर्माइतकंच व्यवहाराचं कारणही होतं. धारोष्ण दूध बर्फाशिवाय दिवसभरात आंबतं. बदाम कोठारात वर्षभर टिकतो. पाहुणे आले, सण आला, की मूठभर काढायचे, वाटायचे, गाळायचे. सिसिली बेटावर उन्हाळ्यात बदामाचं गार दूध आजही आवडीने पितात.

कोकण आणि गोव्यात हीच सोय नारळाने केली. न सोललेला नारळ महिना-दोन महिने सहज राहतो, फोडून खवलेलं खोबरं दुसऱ्या दिवशी चिकट होऊ लागतं, आणि काढलेला रस त्याहून लवकर बिघडतो. म्हणून रस काढायचा तो त्या दिवसाच्या मणगण्यापुरता, शिरवाळ्यांपुरता नाहीतर सोलकढीपुरता. टिकवायचा तो दाणा, काढायचं ते ताजं दूध, ही जुनी रीत आहे. लिटर-लिटर दूध काढून आठवडाभर पुरवायला गेलं की घरच्या दुधाच्या बहुतेक तक्रारी सुरू होतात.

बदाम: भिजवणं, सोलणं, गाळणं

दोघांपुरतं दूध हवं तर १०० ग्रॅम बदाम पुरतात. मध्यम आकाराचे असले तर ऐंशीच्या आसपास भरतात. आधी एक बदाम चावून पाहावा. खवट लागला तर दूधही खवट होणार, वेलची-केशराने ते झाकलं जात नाही. बारीक गुरबंदी बदामांत एखादा कडू निघतो. तो कडवटपणा अमिग्डालिनचा. दाणा पाण्यात वाटला गेला की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. अधूनमधून एखादा कडू दाणा चावण्यात आला तर थुंकून टाकता येतो, पण वाटणात गेलेला वेगळा काढता येत नाही. म्हणून कडू दाणे निघणारा बदाम दुधासाठी घेऊच नये.

बदाम आठ ते दहा तास भरपूर पाण्यात भिजवायचे. भिजवल्याने दाणा फुगतो, पेशींच्या भिंती मऊ पडतात आणि मिक्सरला कमी कष्ट पडतात. भिजवून फायटिक आम्ल निघून जातं आणि बदाम जास्त पौष्टिक होतो, असं सांगितलं जातं. अख्खे बदाम भिजवून ते फारसं कमी होत नाही. भिजवायचं ते वाटण्याच्या सोयीसाठी. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या भांड्यातलं पाणी सकाळी फेसाळलेलं असतं, तेव्हा उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्येच ठेवावं. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं.

सालीत टॅनिनं असतात. ती जिभेला तुरट लागतात आणि दुधाला तपकिरी झाक देतात. भिजलेल्या बदामांवर उकळतं पाणी ओतून मिनिटभर ठेवलं की साल सैल होते. दाणा चिमटीत धरून दाबला की गर सुळकन निसटतो. साल ठेवली तरी चालतं, चव थोडी रांगडी होते इतकंच.

वाटताना सगळं पाणी एकदम ओतू नये. आधी वाटीभर पाण्यात बदाम चटणीच्या भांड्यात गंधासारखे बारीक वाटावेत. पाणी कमी असलं की दाणे पात्यांखाली सापडतात, जास्त असलं की नुसते गरगर फिरतात. मग उरलेलं गार पाणी घालून मिनिटभर फिरवायचं. १०० ग्रॅमला एकूण ४०० मिलिलिटर पाणी घेतलं की पिण्याजोगं दाट दूध होतं, बासुंदीच्या वाटेने जायचं असेल तर २५० पुरतं. मिक्सर सलग चालला की भांडं तापतं आणि वास बदलतो. थांबत थांबत चालवावा.

गाळायला जुनं मलमलचं धुतलेलं फडकं कुठल्याही चाळणीपेक्षा सरस. पातेल्यावर ते सैलसर पसरून वाटण ओतायचं, चारी टोकं एकत्र धरून पुरचुंडी करायची आणि वरून खाली पिळत यायचं. सुरुवातीला दूध आपसूक गळतं, मग धार होते, शेवटी थेंब थेंब येतो. सगळ्यात दाट दूध या शेवटच्या पिळण्यात असतं, कारण बारीक थेंब चोथ्याला धरून बसलेले असतात. हात दुखले म्हणून इथे सोडून दिलं तर बदामाचे पैसे चोथ्यात जातात. गाळलेल्या दुधात चिमूटभर मीठ घातलं की चव उठून येते. गोडीला भिजवलेला खजूर वाटतानाच घालावा.

काजू: गाळू नका, उकळू नका

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्याला आणलेला काजू आज सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या डोंगरउतारांवर आपलाच होऊन बसला आहे. दुधासाठी मात्र महागडा अख्खा काजू घ्यायचं कारण नाही. बाजारातला 'डब्ल्यू-३२०' हा आकडा फक्त एका पौंडात साधारण किती गर बसतात ते सांगतो, चवीचा त्याच्याशी संबंध नाही. तुकडा किंवा पाकळी काजू तेच दूध देतो, तेही कमी पैशांत.

काजू बदामापेक्षा मऊ. दोन-तीन तास भिजला की पुरे, आणि नीट वाटला तर चोथा उरतच नाही, त्यामुळे गाळायचीही गरज नसते. पण त्यात पिष्टमय अंश बदामापेक्षा कितीतरी जास्त. गरम झाल्यावर हे पिष्टकण पाणी शोषून फुगतात, म्हणून तापवलेलं काजूचं दूध घट्ट होत होत खिरीच्या वळणावर जातं. रश्शाला काजूची पेस्ट दाटपणा देते तीही याच गुणामुळे. प्यायचं असेल तर गारच प्यावं, किंवा पाणी वाढवून जेमतेम कोमट करावं. चहात घालायचं तर चहा वेगळा उकळून कपात वरून घालावं.

नारळ: पहिला रस, दुसरा रस

नारळाच्या दुधात कोकणी आणि गोमंतकीय स्वयंपाकघरांना कुणी काही शिकवायला नको. विळीवर खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ द्यायचा नाही, नाहीतर रस मळकट होतो. खवलेलं खोबरं कोमट पाण्यात वाटायचं. इथे गार पाणी चालत नाही, कारण खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागतं आणि चरबी चोथ्यातच अडकून राहते. पुण्यातल्या डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ती यामुळेच.

पहिल्यांदा थोड्या पाण्यात वाटून पिळला तो दाट रस बाजूला ठेवायचा. तोच चोथा पुन्हा पाणी घालून वाटला की दुसरा, पातळ रस निघतो. मणगण्याची चणाडाळ आणि साबुदाणा शिजवायचे पातळ रसात; दाट रस पडतो अगदी शेवटी, गूळ विरघळल्यावर, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही.

या नियमामागे प्रथिनांची गोष्ट आहे. गायी-म्हशीच्या दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. ते उष्णता सोसतं, म्हणून दूध दिवसातून तीनदा उकळलं तरी बिघडत नाही. नारळातली प्रथिनं तशी नाहीत. साधारण ८० अंशांच्या पुढे ती आपली घडी सोडतात आणि एकमेकांना चिकटून गोळा होतात. त्यांनीच तेलाचे थेंब वेगळे धरून ठेवलेले असतात. धरणारेच गोळा झाले की थेंब एकत्र येतात, वर तेल दिसू लागतं आणि खाली कण साचतात. रस फुटला म्हणतात तो हा. घरचं खोबरेल काढताना मात्र हेच हवं असतं: रस मुद्दाम आटवत नेतात, तो फुटतो आणि वर स्वच्छ तेल येतं.

आंबटाचंही तसंच आहे. प्रथिनं एका ठरावीक आंबटपणाला एकत्र येऊ पाहतात, आणि उष्णता सोबत असली की हे झपाट्याने होतं. सोलकढीत आमसुलाचं आगळ असूनही ती निभावते कारण ती चुलीवर चढत नाही. उरलेली सोलकढी कुणी गरम करायला घेतली की लगेच दाणेदार होते. बदामाचं दूध कॉफीत फाटतं तेही आंबट आणि गरम एकत्र भेटल्याने. त्यावर उपाय साधा आहे: दूध आधी कोमट करायचं, कपात घ्यायचं आणि त्यात कॉफी बारीक धारेने सोडायची. उकळत्या कॉफीत फ्रिजमधलं दूध ओतलं की ते फाटणारच.

शेंगदाणे: उपवासाच्या पातेल्यातलं दूध

महाराष्ट्रात शेंगदाण्याचं दूध 'दूध' म्हणून कुणी मागत नाही, पण एकादशीला वरीच्या भाताबरोबर दाण्याची आमटी घराघरात होते. भाजलेले दाणे पाण्यात गंधासारखे वाटून उकळलेली ती आमटी म्हणजे न गाळलेलं, मिरची-जिरं घातलेलं शेंगदाण्याचं दूधच. नारळासारखं हे दूध उकळीला घाबरत नाही. उलट कच्च्या दाण्यांच्या दुधाला एक हिरवट, शेंगेसारखा वास येतो, तो भाजल्याने किंवा पाच-सात मिनिटं उकळल्याने जातो.

खर्चाच्या दृष्टीने हे दूध सगळ्यात परवडणारं आणि प्रथिनांनीही भरलेलं. काळजी एकच. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकलेच पाहिजेत. दमट साठवणीत दाण्यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते, आणि ते उकळून किंवा भाजून नाहीसं होत नाही.

पेल्यात नक्की काय उतरतं

गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात ते गंभीर आजारी पडले आणि अंगात ताकद येईना. दुधाला पर्याय सुचवा असं त्यांनी वैद्य-डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कुणी मुगाचं पाणी सांगितलं, कुणी मोहाचं तेल, कुणी बदामाचं दूध. हे प्रयोग करूनही अंथरूण सुटलं नाही, असं ते आत्मकथेत नमूद करतात. मुंबईचे डॉ. दलाल दुधाचा आग्रह धरून बसले. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीच्या दुधाला काय हरकत, हा मार्ग कस्तुरबांनी काढला. बदामाचं दूध वाईट, असा याचा अर्थ नाही. दुर्बल, आजारी माणसाला ते दुधाच्या जागी पुरेल हे मात्र गृहीत धरता येत नाही.

हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम बदामात २१ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. १०० ग्रॅमला ४०० मिलिलिटर पाणी या मापाने २०० मिलिलिटर दुधामागे जवळपास ५० ग्रॅम बदाम लागतात. म्हणजे फार तर १० ग्रॅम प्रथिनं आणि १३५ मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि त्यातलाही मोठा वाटा चोथ्यात राहतो. गायीच्या तेवढ्याच दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ब१२ जीवनसत्त्व वनस्पतीच्या दुधात नसतंच. विकतच्या पेयांत कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात, पण अनेक पेयांत बदाम शेकडा दोन-तीनच असतो. नारळाच्या रसात प्रथिनं नाममात्र आणि चरबी भरपूर, तीही बहुतांशी संपृक्त.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज न पचणाऱ्यांना, किंवा प्राणिजन्य पदार्थ सोडलेल्यांना हे दूध उपयोगाचं आहे; त्यांनी ब१२ आणि कॅल्शियमची सोय दुसरीकडून करायची. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या किंवा फॉर्म्युल्याच्या दुधाऐवजी ते कधीही देऊ नये. शेंगदाणा, काजू, बदाम यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी तर घोटभरही धोक्याचं.

किती दिवस ठेवायचं

या दुधात पाणी आहे, साखर आहे, प्रथिनं आहेत आणि आंबटपणा जवळपास नाही. जंतूंना आणखी काय हवं? अमेरिकेत २००१ आणि २००४ साली कच्च्या बदामांतून साल्मोनेलाची लागण पसरली, त्यानंतर २००७ पासून कॅलिफोर्नियाच्या बदामांचं पाश्चरीकरण तिथल्या बाजारासाठी सक्तीचं झालं. जगातले पाचपैकी जवळपास चार बदाम त्या एका राज्यात पिकतात. सुका दाणा वरून कितीही स्वच्छ दिसला तरी त्यावर जंतू निपचित असू शकतात, आणि भिजवल्यावर त्यांना पाणी मिळतं.

म्हणून भांडी, फडकं आणि हात स्वच्छ हवेत. फडकं वापरल्यावर साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायचं. ओलसर फडक्याला येणारा वास पुढच्या दुधात उतरतो. गाळलेलं दूध लगेच चार अंशांच्या आसपास फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला ठेवावं, दारात नको. बदाम-काजूचं दूध दोन, फार तर तीन दिवस, नारळाचा रस त्याच दिवशी. लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई घरात असेल तर बदामाचं दूध मंद आचेवर ढवळत, कडेला बुडबुडे धरेपर्यंत तापवून लगेच थंड करावं. चव किंचित बदलते, पण जोखीम घटते. वास आंबूस आला, दूध तारेसारखं ओघळू लागलं किंवा झाकण उघडताना हवा फसकन सुटली, तर हलवून वाचवायच्या भानगडीत पडू नये.

आणि चोथा

१०० ग्रॅम बदामांमागे पिळलेला चोथा वाटीभर निघतो. त्यात तंतू जवळजवळ सगळे, शिवाय बरीच प्रथिनं आणि थोडं तेल. तो ओला असल्याने दुधासारखाच लवकर बिघडतो. त्याच दिवशी थालिपिठाच्या भाजणीत मळावा, किंवा कढईत तुपावर परतून गूळ-वेलची घालून लाडू वळावेत. नारळाचा चोथा लसूण-मिरची घालून कोरड्या चटणीत बरा लागतो. लिटरभर दुधाला पाव किलो बदाम जातात, हे लक्षात ठेवलं की चोथा फेकायला हात धजत नाही; आणि उद्याचं दूध आजच काढून ठेवायचा मोहही आवरतो. रात्री मूठभर बदाम भिजत घालायला एक मिनिट लागतं, सकाळी वाटून गाळायला दहा.